शिकलेले यंत्र आणि कसलेला माणूस



गट सभेत पाण्याचा विषय झाला, खताचा झाला, तोडणीच्या तारखांवरून नेहमीची बोलाचाली झाली. मंडळी उठायच्या बेतात असताना मागच्या रांगेतले एक जुने सभासद उभे राहिले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. म्हणाले, "साहेब, मोबाईलवर रोज दाखवत्यात, एआय आलं, आता सगळ्यांची कामं जाणार. माझा नातू पुण्याला कॉम्प्युटरचं शिकतोय, त्याला म्हणत्यात नोकरी लागायची न्हाई. इकडं तुमचा स्लिपबॉय म्हणतो, माझं काम जाणार. मग राहणार कोण? ऊस तरी आम्हाला लावू देणार, का त्योबी यंत्रच लावणार?"

सभा हसली. मीही हसलो आणि "आबा, काळजी करू नका, माणूस लागणारच" असे म्हणून वेळ मारून नेली. घरी येताना मात्र वाटले की हे उत्तर झाले नाही. "काळजी करू नका" हे सांगायला मला तरी काय आधार होता? म्हणून थोडा अभ्यास केला. तो सभासदांपुढे ठेवीत आहे.

यंत्र 'शिकते' म्हणजे काय?

आपल्या हिशेब खात्यातला संगणक गेली कित्येक वर्षे ऊस बिले काढतो. टनेज गुणिले दर, वजा कपाती, उरले ते खात्यावर जमा, ही रीत त्याला माणसाने शब्दाशब्दाने सांगितलेली असते. सांगितले तेवढेच तो करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्याचे, तसे नाही. तिला रीत सांगत नाहीत, उदाहरणे दाखवतात.

आपणही असेच शिकलो. वाफसा ओळखायला वडिलांनी काही सूत्र दिले नव्हते. मूठभर माती उचलायची, दाबायची, सोडून बघायची. शंभर वेळा चुकायचे, मग केव्हातरी हाताला कळू लागायचे. यंत्राला मूठ नाही. त्याला तांबेरा पडलेल्या पानांची हजारो छायाचित्रे आणि निरोगी पानांची हजारो छायाचित्रे दाखवतात, कोणते कोणते ते सांगतात, आणि ते आपल्या आतले आकडे कमीजास्त करीत करीत दोहोंतला फरक ओळखू लागते. तांबेरा म्हणजे काय, त्याने शेतकऱ्याच्या घरी काय होते, हे त्याला ठाऊक नसते. फरक तेवढा ओळखता येतो.

ही विद्या कालपरवाची नाही. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ झाले ते १९५६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात भरलेल्या अभ्यासकांच्या बैठकीपासून. १९९७ साली आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवले. २०१२ च्या सुमारास चित्रे ओळखण्याच्या कामात यंत्राने मोठी मजल मारली. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून यंत्र माणसासारखे लिहू-बोलू लागल्याचे साऱ्या जगाने पाहिले.

हे बोलणारे यंत्र कसे चालते, हे समजायला गावच्या कीर्तनात वर्षानुवर्षे उभा राहणारा टाळकरी आठवा. बुवांनी अर्धा चरण म्हटला की पुढचा अर्धा त्याच्या तोंडी तयार असतो. या यंत्राने जगभरचे एवढे लिखाण पचवले आहे की पुढे कोणता शब्द शोभेल हे ते सहज हेरते. पण शोभणारा शब्द आणि खरा शब्द एकच असतो असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी अशा यंत्राच्या भरवशावर न्यायालयात जुन्या खटल्यांचे दाखले दिले. न्यायाधीशांनी शोध घेतला तर त्यातले काही खटले कधी झालेलेच नव्हते! नावे, तारखा सगळे यंत्राने रचलेले. वकील मंडळींना ५,००० डॉलर दंड झाला. दंड वकिलांना झाला, यंत्राला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकाशातून दिसणारा एक गुंठा

आता आपल्या उसाकडे या. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊस शेतीत एआयचा वापर सुरू केला आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२५ साली शेतीतील एआयसाठी 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केले. रानात मातीची ओल मोजणारे उपकरण, बांधावर हवामान केंद्र, वर उपग्रह, आणि या सगळ्यांची माहिती एकत्र करून "आज एवढे पाणी द्या" असा मोबाईलवर येणारा निरोप, असे त्याचे रूप आहे. पाणी आणि खत वाचते, उत्पादन वाढते, असा प्रयोग करणाऱ्यांचा अनुभव आहे. तेव्हा या विद्येला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण ती काय बघते हे आपण नीट समजून घ्यावे. युरोपचे 'सेंटिनेल-२' नावाचे उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या रानावरून जातात आणि त्यांची छायाचित्रे कोणालाही मोफत मिळतात. त्या छायाचित्रातला सर्वात लहान ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे त्या उपग्रहाला तुमचा एक गुंठा एका ठिपक्याएवढा दिसतो आणि एक एकर म्हणजे सुमारे चाळीस ठिपके. पाच एकरांच्या सलग फडाला हे पुष्कळ झाले. पण भावकीत वाटण्या होऊन आठ-दहा गुंठ्यांच्या पट्ट्या उरल्या असतील, तर कडेच्या ठिपक्यात अर्धा ऊस तुमचा, अर्धी ज्वारी शेजाऱ्याची. शिवाय पावसाळ्यात ढग आले की या उपग्रहाला खालचे काही दिसत नाही. ढगातून पाहणारे रडारचे उपग्रह वेगळे असतात, त्यांचे चित्रही वेगळे असते.

दुसरी गोष्ट. फडाच्या मधोमध पिवळा पट्टा पडला आहे हे उपग्रह सांगेल, आणि ते तुमच्याआधी सांगेल. कारण दहा फूट उंचीच्या उसात शिरून मधला भाग बघायला आपण रोज जात नाही. पण तो पिवळेपणा कशाने आला? हुमणी लागली, पाणी साचले, की लोहाची कमतरता? त्यासाठी आत जावे लागते, बेट उपटून मुळी बघावी लागते. आत न जाता नुसत्या निरोपावर औषध आणून ओतले, तर ते उंटावरून शेळ्या हाकणे होईल. निरोप आला की रानात जायचे, हा त्याचा खरा उपयोग.

'काम जाणार' म्हणजे नेमके काय जाणार?

आता आबांचा प्रश्न. जगात यावर पुष्कळ मोजमापे झाली आहेत आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत. २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी सांगितले की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना यंत्राचा मोठा धोका आहे. २०१६ साली ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात तो आकडा ९ टक्के निघाला. एवढा फरक का? पहिल्यांनी अख्खा धंदा एक धरून मोजला. दुसऱ्यांनी माणूस दिवसभरात जी वेगवेगळी कामे करतो ती सुटी करून पाहिली. जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने म्हटले की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल. स्पर्श होईल म्हणजे जातील असे नव्हे. काहींत माणसाचे काम सोपे होईल, काहींत माणूसच नको होईल.

थोरामोठ्यांचे अंदाजही चुकतात. जेफ्री हिंटन हे या विद्येचे एक आद्य पुरुष, २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. २०१६ साली ते म्हणाले होते की क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. पाच काय, त्याहून जास्त वर्षे लोटली. यंत्रे फोटो वाचायला चांगली शिकली, पण अमेरिकेत आणि इंग्लंडात या डॉक्टरांची टंचाईच आहे. कारण फोटो वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग. रोग्याशी बोलणे, दुसऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय करणे, निदानाखाली सही करून जबाबदारी घेणे, हे उरलेच.

हाच हिशेब आपल्या स्लिपबॉयला लावून बघू. तो काय काय करतो? लागणीची नोंद घेतो. क्षेत्र मोजतो. जात, तारीख, लागण की खोडवा हे लिहितो. तोडीची चिठ्ठी देतो. टोळीला फड दाखवतो. रस्ता अडवून बसलेल्या भाऊबंदांची समजूत घालतो. गाडी रुतली तर ट्रॅक्टर बघतो. यातली नोंद, मोजणी, चिठ्ठी ही कामे यंत्राला आजही जमतात. भाऊबंदांची समजूत घालणे त्याला जमत नाही, आणि गाडी तर मुळीच काढता येत नाही. म्हणजे स्लिपबॉयचे निम्मे काम जाईल, निम्मे राहील. आता खरा प्रश्न येतो. उरलेल्या निम्म्या वेळात त्याला आपण नवे काही देणार, माती परीक्षणाचे नमुने घ्यायला, हुमणीची पाहणी करायला शिकवणार? की दोन स्लिपबॉयचे निम्मे निम्मे काम एकाच्या गळ्यात घालून दुसऱ्याला घरी बसवणार? यंत्र यातले काहीच ठरवीत नाही. ते संचालक मंडळ ठरवते, आणि संचालक मंडळ निवडून कोण देते हे सांगायला नको.

जे दिवसभर फक्त कागदावरून कागदावर उतरवतात त्यांना धोका जास्त, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ साली हेच सांगितले: सर्वात जास्त झळ कारकुनी कामाला. आणि आबांच्या नातवाची काळजीही अगदीच पोकळ नाही. नवशिक्याला जे साधे काम देऊन कंपनी तयार करते, तेच यंत्राला पहिल्यांदा जमते. पहिली पायरीच काढली तर वरच्या पायरीवर चढणार कोण, हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. नातवाला सांगायचे ते इतकेच, की यंत्राचे उत्तर बरोबर की चूक हे ओळखण्याएवढे मूळ ज्ञान पक्के कर. उत्तर काढणारे पुष्कळ होतील, तपासणारे कमी राहतील.

दोन जुने धडे

माणसाच्या जागी यंत्र ही गोष्ट काही प्रथमच होत नाही. दोन उदाहरणे पाहू. एक आपल्या देशातले, एक परदेशातल्या उसाचे.

बँकांत संगणक आणायचे ठरले तेव्हा मोठा विरोध झाला. त्याआधी आयुर्विमा महामंडळाच्या संगणकावरून कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलेच होते. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला आणि कोणती यंत्रे कुठे व किती बसवायची ते ठरले. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे हळूहळू सगळे संगणकावर गेले. खतावणी लिहिणारे काम संपले, पण खाती वाढली, कर्जे वाढली, शाखा वाढल्या, म्हणून पुष्कळ माणसे नव्या कामावर सामावली गेली. पुष्कळ म्हणजे सगळी नव्हे. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. तरी त्यांना संघटना होती, करार होता, बाहेर पडताना हातात रक्कम होती. बदल वीस वर्षांत झाला, एका रात्रीत नाही.

दुसरे उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याचे. जगातला फार मोठा ऊस तिथे पिकतो. पूर्वी तिथे फड पेटवून पाला जाळायचे आणि मग मजूर हाताने ऊस तोडायचे. मजूर बहुतेक दूरच्या ईशान्य ब्राझीलमधून, कोरडवाहू भागातून हंगामापुरते येणारे, टनावर मजुरी घेणारे. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. २००२ साली त्या राज्याने फड जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. २००७ साली सरकार आणि कारखानदार यांच्यात समझोता होऊन, यंत्र चालू शकेल अशा जमिनीवर २०१४ पर्यंत जाळणे थांबवायचे ठरले. न जाळलेला ऊस हाताने तोडणे अवघड आणि महाग, म्हणून तोडणी यंत्रे आली. एक यंत्र साधारण ८० ते १०० माणसांचे काम करी. धूर थांबला, ही चांगली गोष्ट. काही हजार मजुरांना ट्रॅक्टर, यंत्रदुरुस्ती, वीजकाम असे शिक्षणही दिले गेले. पण तोडणीवर पोट असणारांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती.

या दोन उदाहरणांत फरक कशाचा? बँकेतल्या माणसाच्या हाती अनेक कामे होती आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी होते. साओ पावलोच्या मजुराच्या हाती एकच काम होते आणि करारात त्याची बाजू फार थोडी होती. यंत्र तिथेही आले, इथेही आले. माणसाचे काय झाले ते यंत्राच्या हुशारीवर ठरले नाही.

तोडीचा क्रम कोण लावणार?

आता सभासदाला थेट भिडणारी गोष्ट. आपल्याकडे तोड लागते ती लागणीच्या तारखेवरून, नोंदवहीतल्या क्रमाने. त्यात वशिला चालतो अशी तक्रार दर हंगामात होते. पण तक्रार करता येते, याचे कारण नोंदवही सर्वांना बघता येते. "माझी लागण पाच तारखेची, त्याची वीसची, मग त्याची तोड आधी कशी?" असे कोणीही विचारू शकतो.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कोणता फड पक्व झाला ते काढायचे आणि पक्वतेप्रमाणे तोड लावायची, ही पद्धत काही कारखान्यांत सुरू झाली आहे. तिचा फायदा खरा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली, आणि त्यापुढे उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. पक्व ऊस आधी आला तर उतारा वाढेल आणि सर्वांचे भले होईल. पण एक मेख आहे. उतारा सर्वांचा मिळून धरला जातो. तोड लांबली तर तुरा येऊन, पोकळ पडून वजनात येणारी घट मात्र एकट्याची. म्हणजे यंत्राने एखाद्याचा ऊस मागे टाकला, तर लाभ सर्वांचा आणि तोटा त्याचा. त्याने विचारले, "माझा ऊस मागे का?" आणि गट ऑफिसातून उत्तर आले, "कॉम्प्युटरने तसं सांगितलंय," तर तो दाद कोणाकडे मागणार? पूर्वी निदान साहेबाच्या टेबलावर हात आपटता येत होता!

हा धोका मला सर्वात मोठा वाटतो. यंत्र माणसाचे काम घेते त्यापेक्षा, माणूस आपली जबाबदारी यंत्राच्या नावावर टाकतो, हा धोका मोठा. नेदरलँड्स देशात मुलांच्या संगोपनाचे सरकारी अनुदान लबाडीने कोण घेतो हे शोधायला संगणकाचा वापर झाला. जोखमीची म्हणून जी कुटुंबे त्याने दाखवली त्यांत परकीय नागरिकत्व असलेल्यांवर विशेष संशय होता. हजारो निरपराध आईबापांना लबाड ठरवून मोठमोठ्या रकमा परत भरायला लावल्या. कित्येक संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. संगणकाने फक्त बोट दाखवले होते. ते बोट बरोबर आहे का हे तपासायचे माणसांनी सोडून दिले.

उलट उदाहरणही आहे. कॅनडात एका विमान कंपनीच्या बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनी म्हणू लागली, यंत्र जे बोलले त्याला यंत्र जबाबदार, आम्ही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. आपले यंत्र बोलले म्हणजे आपणच बोललो. हे तत्त्व आपणही धरले पाहिजे.

आणखी दोन धोके थोडक्यात सांगतो. एक, यंत्र ज्या रानांवर शिकले त्याच रानांसारखा सल्ला देते. ठिबकवरच्या भारी जमिनीतल्या आडसालीवर शिकलेले यंत्र पाटपाण्यावरच्या हलक्या रानातल्या खोडव्याला चुकीचा सल्ला देईल, आणि देईल तोही तितक्याच ठाम आवाजात. दोन, आपल्या रानाची माहिती. पाणी किती, उतारा किती, कर्ज किती, हे सगळे एका ठिकाणी जमा झाले की ते खत कंपनीला, विमा कंपनीला, सावकारालाही हवेसे वाटणार. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली कायदा झाला आहे आणि त्याचा पाया संमती हा आहे. न वाचता अंगठा लावायची आपली जुनी खोड इथे महागात पडेल.

ज्यांना मत नाही त्यांचे काय?

शेवटी एक गोष्ट, जी सभेत कोणी विचारली नाही. आबांना नातवाची काळजी होती, स्लिपबॉयला स्वतःची. आपल्या उसाला ज्यांचा कोयता लागतो त्यांचे नाव कोणी काढले नाही.

खरे बोलायचे तर सभासदाला तोडणी यंत्र हवे आहे. टोळी वेळेवर येत नाही, उचल घेऊन मुकादम गायब होतो, खुशालीचे पैसे द्यावे लागतात, हा आपला अनुभव खोटा नाही. शासनानेही ९०० तोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना काढली. आजवर लहान तुकडे, कमी अंतराच्या सऱ्या आणि पडलेला ऊस यांमुळे यंत्राची चाल मंद होती. आता कोणता फड यंत्राजोगा, कोणते यंत्र कोणत्या दिवशी कुठे, हे एआय लावून देऊ लागले की ती अडचणही कमी होईल.

ऊस तोडणे हे काही सुखाचे काम नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री गाडी भरायची, पोरे खोपटात, शाळा सुटलेली. हा कोयता हातातून सुटला तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पण कोयता सुटला आणि हातात दुसरे काही आले नाही, तर ते साओ पावलोसारखे होईल. आणि त्या मजुराला या कारखान्यात शेअर नाही, वार्षिक सभेत हात वर करायचा अधिकार नाही. आपल्याला आहे. सहकाराचा आधारच असा की एका माणसाला एक मत, शंभर एकरवाल्याला आणि वीस गुंठेवाल्याला सारखेच. त्या मताचा उपयोग फक्त आपल्या टनामागच्या दरासाठी करायचा की ज्यांनी वर्षानुवर्षे आपला ऊस काट्यावर पोचवला त्यांच्यासाठीही, हे आपल्याला ठरवावे लागेल. यंत्राने जी बचत होईल तिच्यातला थोडा भाग त्यांच्या पोरांच्या शिक्षणाला आणि तरुणांना यंत्र चालवायला शिकवण्याला बाजूला काढता येतो. यंत्राला चालक लागतो, दुरुस्ती करणारा लागतो. तो त्याच टोळीतला का असू नये?

सभासदांनी विचारायचे प्रश्न

कारखान्यात असे एखादे नवे यंत्र किंवा ॲप येण्याचा विषय निघाला, तर हे पाच प्रश्न जरूर विचारावेत:

१. हे यंत्र कोणत्या रानांवर, कोणत्या उसावर शिकले आहे? आपल्या भागातल्या हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत निदान एक हंगाम त्याची परीक्षा झाली आहे का?

२. तोडीचा क्रम त्याने लावला तर कारण साध्या मराठीत लेखी मिळेल का? आणि त्यावर हरकत घ्यायची तर कोणत्या माणसाकडे? त्याचे नाव फलकावर लावावे.

३. सल्ला चुकून नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, कारखाना की कंपनी? हे करारात आहे का?

४. आमच्या रानाची माहिती कोणाच्या मालकीची राहणार? कंपनी बदलली तर ती परत मिळणार का?

५. या यंत्राने कोणाकोणाचे काम कमी होणार, आणि त्यांना दुसरे कोणते काम, कोणत्या शिक्षणासह देणार? यात तोडणी मजूरही मोजले आहेत का?

या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर यंत्र बेलाशक आणावे. जी विद्या पाणी वाचवते, रोग लवकर दाखवते, ती आपल्या शिवारात आलीच पाहिजे. उत्तरे मिळाली नाहीत तर घाई करू नये. एक हंगाम थांबल्याने काही बिघडत नाही.

आबांच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे: आबा, काही कामे जाणार, हे खरं. कोणती जाणार ते बरंचसं यंत्रावर, पण त्या माणसांचं काय करायचं ते आपल्यावर. ऊस लावायचं म्हणाल तर लागण यंत्राने होईलही. वाफसा आलाय का, ते सांगायला मात्र अजून काही वर्षं तुम्हाला बांधावर यावं लागेल. आणि पुढच्या गट सभेलाही या, कारण हे पाच प्रश्न तिथेच विचारायचे आहेत.